उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे का राहिलं आणि एकीकरण नेमकं कुठे अडलंय

प्रश्न असा आला होता की आयर्लंड १९२२ ला स्वतंत्र झाला तर वरचा तुकडा ब्रिटनकडे का राहिला, आयरिश नेता मायकेल कॉलिन्सने इंग्रजांबरोबरच्या १९२१ च्या ट्रीटीवर (करारावर) सही करताना तो सोडून दिला का, ही आपल्यासारखीच धर्मावरची फाळणी होती का, आणि आता तिकडे एकीकरण मागणाऱ्या सिन फेन पक्षाची फर्स्ट मिनिस्टर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) बसलीये म्हटल्यावर दोन्ही आयर्लंड एक होणार का. मी बरीच वर्षं जगाचा इतिहास शिकवतोय, जास्त करून स्पर्धा परीक्षांच्या मुलांना, आणि हे चारही प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा कॉलिन्सवरचा आरोप. ट्रीटीवर सह्या झाल्या ६ डिसेंबर १९२१ ला, पण फाळणी त्याच्या आधीच होऊन बसलेली होती. ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या सरकारने डिसेंबर १९२० मध्ये गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड ॲक्ट पास केला, त्यात दोन आयर्लंड आणि दोन पार्लमेंट असं स्पष्ट लिहिलं. मे १९२१ मध्ये उत्तरेत निवडणूक झाली, जेम्स क्रेग पंतप्रधान झाला, २२ जूनला खुद्द पाचवा जॉर्ज बेलफास्टला येऊन पार्लमेंटचं उद्घाटन करून गेला. आणि आयरिश स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी युद्धविराम कधी झाला, तर ११ जुलैला! म्हणजे कॉलिन्स आणि त्याचा सहकारी आर्थर ग्रिफिथ लंडनला वाटाघाटींना बसले तेव्हा उत्तरेत सरकार चालू झालेलं होतं, त्यांच्या हातात उत्तर नव्हतंच, तर ते सोडून देण्याचा प्रश्न कुठे आला. त्यांना फार तर ते परत मागता येत होतं, आणि ते त्यांनी कसं मागितलं आणि कसे फसले ते पुढे सांगतो.

आता उत्तरेत सहाच काउंटी (म्हणजे जिल्हे) का? अल्स्टर हा जुना प्रांत नऊ काउंटींचा. ब्रिटिश कॅबिनेटच्या ज्या कमिटीने हा कायदा बनवला तिची पहिली शिफारस नऊच्या नऊ काउंटी उत्तरेला द्यायची होती, कारण नऊमध्ये कॅथलिक साधारण ४४ टक्के होते, म्हणजे कधी ना कधी हे पार्लमेंट स्वतःच दक्षिणेशी जुळवून घेईल असा हिशोब होता. युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणाऱ्यांनी, तोच हिशोब उलट बाजूने केला. त्यांना सहाच हव्या होत्या, कारण सहामध्ये कॅथलिक ३५ टक्क्यांच्या आत राहत होते आणि मेजॉरिटी कायमची पक्की होत होती. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाघन ह्या तीन काउंटींमधल्या हजारो प्रोटेस्टंटांनी १९१२ ला ‘आम्ही सगळे एकत्र राहू’ म्हणून अल्स्टर कव्हनंट नावाच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या, त्यांना त्यांच्याच नेत्यांनी १९२० मध्ये वाऱ्यावर सोडलं. आणि गंमत म्हणजे ज्या सहा ठेवल्या त्यातल्या टिरोन आणि फर्मॅना ह्या दोन काउंटींत कॅथलिकच जास्त होते! पण त्या सोडल्या असत्या तर उरलेला चार काउंटींचा तुकडा देश म्हणून चालला नसता, म्हणून त्या ठेवल्या. नदी नाही, डोंगर नाही, जनमत नाही. किती कॅथलिक पचवता येतील एवढं मोजून ही रेघ मारलेली आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या आयरिश प्रश्नाची किल्ली ह्या मोजणीत आहे, १९९८ चा करारसुद्धा शेवटी मोजणीवरच येऊन थांबतो.

धर्माची फाळणी का, ह्याचं उत्तर हो पण आणि नाही पण. १६०९ पासून अल्स्टरमधल्या जमिनी काढून घेऊन स्कॉटलंड आणि इंग्लंडमधले प्रोटेस्टंट तिथे वसवले, त्यामुळे धर्म ही कोण कुणाच्या जमिनीवर बसलाय ह्याची खूण झाली. भांडण बायबलच्या अर्थावरून कधीच नव्हतं. १७९८ च्या उठावातला वुल्फ टोन प्रोटेस्टंट, १८८० च्या दशकात होम रूलसाठी, म्हणजे घरच्या कारभारासाठी, ब्रिटिश पार्लमेंट अडवून धरणारा पार्नेल प्रोटेस्टंट. पण १९ व्या शतकात दोन आयर्लंड वेगळ्या दिशेने गेले. दक्षिण आणि पश्चिमेत १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं आणि साधारण १० लाख माणसं मेली, तितकीच बोटीत बसून निघून गेली. १८४१ ला अख्ख्या बेटावर ८० लाखांच्या वर लोक होते, आज पावणेदोनशे वर्षांनंतरही उत्तर-दक्षिण मिळून तेवढे झालेले नाहीत, ह्यावरून विचार करा. आणि त्याच शतकात बेलफास्टमध्ये लिननच्या गिरण्या, जहाजांचे कारखाने, तिथलंच हारलंड अँड वुल्फ ज्यांनी पुढे टायटॅनिक बांधलं. बेलफास्टच्या कारखानदाराला आणि त्याच्या प्रोटेस्टंट कामगाराला ब्रिटिश साम्राज्य म्हणजे मार्केट होतं, आणि डब्लिनची सत्ता म्हणजे शेतकऱ्यांचं, धर्मगुरूंच्या ऐकण्यातलं, वरून टॅक्स लावणारं सरकार अशी भीती होती. ही भीती अगदीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही, १९३७ च्या आयरिश घटनेत कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं होतं आणि ते कलम निघायला १९७२ उजाडलं.

आयरिश लोकांची पहिली मागणी स्वातंत्र्य नव्हतीच, होम रूल होती, म्हणजे साम्राज्यात राहून घरचा कारभार. १८८६ आणि १८९३ ची बिलं पडली. १९१२ चं तिसरं बिल पास होणार हे दिसल्यावर उत्तरेत जवळपास पावणेपाच लाख लोकांनी विरोधात त्या कव्हनंटवर सह्या केल्या (बायकांचं वेगळं पत्रक होतं, ते धरून), अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स ही खाजगी सेना उभी राहिली आणि एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात जर्मनीतून आणलेल्या हजारो रायफली उतरवून घेतल्या. विसाव्या शतकातल्या आयरिश राजकारणात बंदूक पहिल्यांदा ह्यांनी आणली, आणि सरकारने काय केलं तर काही नाही, मार्च १९१४ मध्ये कुरा छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तर सांगून टाकलं की अल्स्टरवर पाठवलंत तर राजीनामे देऊ. डब्लिनवाल्यांनी हे सगळं बघितलं आणि धडा घेतला.

इथे आपला एक संबंध येतो तो सांगतो, कारण तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. टिळकांनी होम रूल लीग काढली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, बेळगावच्या प्रांतिक परिषदेत, आणि कल्पना आणि नाव दोन्ही आयर्लंडवरून घेतलेलं. नेमक्या त्याच आठवड्यात, २४ ते २९ एप्रिल, डब्लिनमध्ये ईस्टर उठाव चालू होता. म्हणजे आपण होम रूल हातात घेत होतो तेव्हा तिकडे पॅट्रिक पिअर्स आणि जेम्स कॉनोली पोस्ट ऑफिसच्या इमारतीत शिरून होम रूलला मूठमाती देत होते आणि थेट रिपब्लिक जाहीर करत होते.

उठाव लष्करी दृष्टीने फसलाच. डब्लिनचे लोक सुरुवातीला बंडखोरांवर चिडलेले होते, शहराचा मधला भाग जळाला होता, बरेच सामान्य लोक मेले होते. पण नंतर इंग्रजांनी पुढाऱ्यांना एका दमात नाही, मे महिन्यात दिवसागणिक दोन-चार असं करत गोळ्या घातल्या, जखमी कॉनोलीला उभं राहता येईना तर खुर्चीला बांधून. एकूण १६ जणांना मृत्युदंड झाला, त्यातला रॉजर केसमेंट ऑगस्टमध्ये लंडनला फासावर गेला. लोकांचं मत फिरलं ते ह्यामुळे आणि १९१८ मध्ये सक्तीची सैन्यभरती लावायचा घाट घातला त्यामुळे. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ सिन फेनला, जुन्या होम रूलवाल्या पक्षाला फक्त ६. निवडून आलेले लंडनला गेलेच नाहीत, २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली, आणि त्याच दिवशी टिपेररीत सोलोहेडबेगला दोन पोलीस मारले गेले, तिथून स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं असं धरतात. ह्या युद्धाबद्दल पुस्तकांत भरपूर मिळेल, कॉलिन्सचं हेरखातं, ब्लॅक अँड टॅन्स ह्या ब्रिटिश पोलीस तुकड्यांचे अत्याचार, नोव्हेंबर १९२० मध्ये क्रोक पार्कच्या मैदानात मॅच चालू असताना झालेला गोळीबार ज्यात १४ लोक गेले, कॉर्क शहर जाळलं ते. कॉर्कचा मेयर टेरेन्स मॅक्स्विनी ७४ दिवसांच्या उपोषणानंतर लंडनच्या तुरुंगात मेला, आणि १९२९ मध्ये लाहोरला जतीन दास गेले तेव्हा मॅक्स्विनीच्या घरच्यांची शोकाची तार आली होती. मी ह्यावर थांबत नाही, कारण फाळणीचं कोडं ह्या युद्धात सुटत नाही. युद्ध मुख्यतः दक्षिणेत चाललं, उत्तरेचा निकाल त्याच काळात कायद्याने लागत होता, आणि बेलफास्टमध्ये जुलै १९२० पासून हजारो कॅथलिक कामगारांना जहाज कारखान्यांतून हाकलून काढलं जात होतं.

आता ट्रीटी. बहुतेकांना वाटतं की ट्रीटीवरून जे सिव्हिल वॉर झालं ते फाळणीवरून झालं. नाही हो. ते झालं राजाच्या शपथेवरून! ट्रीटीने २६ काउंटींना कॅनडासारखा डोमिनियन दर्जा दिला आणि आमदारांना राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घालून दिली. डब्लिनच्या संसदेतला तो वाद तुम्ही वाचलात तर पानंच्या पानं शपथेवर, राजावर, रिपब्लिकवर आहेत, आणि उत्तरेवर अगदी थोडं. ट्रीटीविरोधी गटाचा नेता डी व्हॅलेराने ट्रीटीला पर्याय म्हणून जो मसुदा दिला त्यात उत्तरेबद्दलची कलमं जवळपास ट्रीटीचीच होती. ७ जानेवारी १९२२ ला ६४ विरुद्ध ५७ ने ट्रीटी पास झाली, जूनमध्ये जुने सोबती एकमेकांवर तोफा डागायला लागले, ऑगस्टमध्ये कॉलिन्स त्याच्याच कॉर्क काउंटीत मारला गेला, आणि नव्या आयरिश सरकारने आपल्याच ७० च्या वर माणसांना मृत्युदंड दिला, म्हणजे इंग्रजांनी आधीच्या युद्धात दिला त्यापेक्षा जास्त. ह्या दहा-अकरा महिन्यांत क्रेगला उत्तरेत आपलं बस्तान बसवायला मोकळं रान मिळालं. माझं स्पष्ट मत आहे की बॉर्डर पक्की करण्यात ह्या भावकीच्या भांडणाचा वाटा लॉइड जॉर्जइतकाच आहे.

पण मग उत्तरेबद्दल इतके बेफिकीर का होते, तर कलम १२ मुळे. त्यात असं होतं की उत्तरेला बाहेर पडायचा हक्क, पण बाहेर पडलं तर बाउंडरी कमिशन नेमून तिथल्या रहिवाशांच्या इच्छेप्रमाणे सीमा दुरुस्त करायची. कॉलिन्स आणि ग्रिफिथची खात्री होती की टिरोन, फर्मॅना, डेरी शहर हे सगळं निघून येईल आणि उरलेलं टिकणार नाही. मोजणीवर मोजणी. पण कलमात एक शेपूट होतं, ‘आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीला धरून’, आणि कायद्याची भाषा वाचायची सवय असलेल्याला तिथेच शंका यायला हवी होती. कमिशनचा अध्यक्ष न्यायमूर्ती फीदम, दक्षिण आफ्रिकेतून आणलेला, त्याने शेपटाला धड मानलं. नोव्हेंबर १९२५ मध्ये अहवाल लंडनच्या पेपरात फुटला तेव्हा कळलं की थोड्याशा पट्ट्या दक्षिणेला येणार आणि पूर्व डोनेगलचा काही भाग उलट उत्तरेला जाणार! डब्लिनमध्ये बोंब झाली, आयरिश सदस्य ओन मॅकनीलने राजीनामा दिला (हाच तो गृहस्थ ज्याने १९१६ च्या उठावाच्या आदल्या दिवशी पेपरात नोटीस देऊन जमवाजमव रद्द केली होती, नशीब बघा). शेवटी ३ डिसेंबर १९२५ ला तिन्ही सरकारांनी अहवाल दाबला, सीमा आहे तशी ठेवली, आणि बदल्यात आयरिश सरकारच्या डोक्यावरचा ब्रिटिश कर्जाचा वाटा माफ झाला. अहवाल १९६९ पर्यंत बाहेर आला नाही. जवळपास ५०० किलोमीटरची ही बॉर्डर कुठे शेतातून, कुठे घरातून गेलेली अशीच्या अशी राहिली.

आणखी एक गोष्ट १९४९ ची. आयर्लंड १८ एप्रिल १९४९ ला रिपब्लिक झाला आणि कॉमनवेल्थमधून बाहेर पडला. त्यानंतर पंधरवड्याच्या आत लंडनला नेहरूंबरोबर तोडगा निघाला की भारताने रिपब्लिक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहायचं, राजा फक्त संघटनेचा प्रमुख. ज्या राजाच्या जागेवरून आयरिश लोकांनी १९२२ ला एकमेकांना मारलं तो प्रश्न आपल्या वेळी एका घोषणापत्रात मिटला. आणि आयर्लंड बाहेर पडल्यावर ब्रिटनने लगेच आयर्लंड ॲक्ट १९४९ करून युनियनिस्टांना हमी दिली की उत्तरेच्या पार्लमेंटच्या संमतीशिवाय उत्तर ब्रिटनबाहेर जाणार नाही. म्हणजे दक्षिण जितकी मोकळी होत गेली तितकी बॉर्डर घट्ट होत गेली.

उत्तरेत काय चाललं होतं? १९२१ ते १९७२, एकच पक्ष सत्तेत, युनियनिस्टांचा. मेजॉरिटी होतीच, तरी भरवसा नाही म्हणून प्रमाणशीर मतदान पद्धत आधी नगरपालिकांतून आणि मग १९२९ ला पार्लमेंटमधून काढून टाकली. डेरी शहरात कॅथलिक मतदार स्पष्ट जास्त, पण वॉर्ड असे कापलेले की कौन्सिलमध्ये युनियनिस्ट १२ आणि बाकीचे ८. नगरपालिकेचं मत घरमालकाला किंवा भाडेकरूला, खोलीत पोटभाड्याने राहणाऱ्याला नाही, आणि घर कुणाला द्यायचं हे तेच कौन्सिल ठरवणार. १९६८ ला लोक रस्त्यावर आले ते एकीकरण मागायला नाही तर एक माणूस एक मत आणि घरांचं न्याय्य वाटप मागायला, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यावर ५ ऑक्टोबरला डेरीत पोलिसांच्या लाठ्या, १९६९ ला ब्रिटिश लष्कर, १९७१ ला विनाचौकशी स्थानबद्धता, ३० जानेवारी १९७२ ला पॅराट्रूपर्सनी डेरीत निःशस्त्र मोर्चावर गोळ्या घातल्या, त्या दिवशी १३ मेले आणि एक नंतर. आयआरएला, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेला, भरतीसाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. पुढची तीस वर्षं मी इथे उलगडत बसत नाही, साधारण ३,५०० माणसं मेली, त्यात आपले शेवटचे व्हॉइसरॉय माउंटबॅटन १९७९ ला, १९८१ च्या उपोषणात बॉबी सँड्ससह १० कैदी, आणि खूप मोठ्या संख्येने कुठल्याच बाजूला नसलेले लोक.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने काय केलं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. दक्षिणेने आपल्या घटनेतला उत्तरेवरचा थेट दावा मागे घेतला आणि एकीकरण ही संमतीने पूर्ण करायची इच्छा असं लिहिलं. ब्रिटनने कबूल केलं की उत्तरेतल्या मेजॉरिटीला जायचं असेल तर आम्ही अडवणार नाही. तिथे जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही राहता येतं. मे महिन्यात दोन्हीकडे मतदान झालं, उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के हो. आणि कायद्यात असं आहे की उत्तरेतल्या मेजॉरिटीचा कल एकीकरणाकडे आहे असं ब्रिटिश मंत्र्याला वाटलं तर त्याने जनमत घ्यायलाच हवं, हरलं तर पुढचं किमान सात वर्षांनी. कल कशावरून ओळखायचा ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही! सर्व्हे, निवडणूक, जनगणना, काही नाही. दक्षिणेतही वेगळं मतदान लागणार ते वेगळंच.

मग सिन फेनचं काय. २०२२ ला उत्तरेच्या असेंब्लीत २७ जागा घेऊन ती पहिली आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाली, १९२१ ला जे राज्य हे कधीच घडू नये म्हणून आखलं होतं तिथे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरातले ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट घरातले ४३.५. इथे मुलं लगेच टाळ्या वाजवतात आणि गणित संपलं म्हणतात. गणित आता अवघड झालंय, कारण कॅथलिक घरात जन्मलेला प्रत्येक जण एकीकरणाला मत देईल असं नाही, आणि साधारण २० टक्के लोकांनी आपली ओळख फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ एवढीच लिहिली. दोन्ही गोटांबाहेरचा अलायन्स पक्ष १७ जागा घेऊन बसलाय. हा मधला माणूस झेंडा बघून मत देणार नाही, तो विचारणार की माझ्या एनएचएसचं (ब्रिटनच्या मोफत सरकारी आरोग्यसेवेचं) काय, कारण दक्षिणेत डॉक्टरकडे गेलं की बहुतेकांना फी मोजावी लागते. लंडन दरवर्षी उत्तरेला काही अब्ज पाउंड देतं ते डब्लिन कुठून आणणार, पेन्शन कोण देणार.

ब्रेक्झिटने मात्र हवा फिरवली. उत्तरेने ५५.८ टक्क्यांनी युरोपात राहायला मत दिलं तरी बाहेर जावं लागलं, आणि २०१७ मध्ये युरोपियन युनियनने सांगून टाकलं की एकीकरण झालं तर उत्तर आपोआप आत येईल. त्या वाटाघाटींत आयर्लंडकडून बसले होते तेव्हाचे आयरिश पंतप्रधान लिओ वराडकर, वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. जमिनीवर पुन्हा नाके नकोत ह्यावर ते अडून बसले, ऑक्टोबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सनबरोबरच्या बैठकीनंतर तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये, ढकलायचा मार्ग निघाला, आणि युनियनिस्टांना कळलं की लंडन आपल्याला वेळ आली की बाजूला ठेवू शकतं. वराडकरांचा पक्ष फिन गेल हा ट्रीटीच्या बाजूने लढलेल्यांचा, आणि विरोधात लढलेल्यांचा फियाना फॉल, हे दोघं पहिल्यांदा एका सरकारात बसले ते २०२० मध्ये.

माझा अंदाज विचाराल तर पुढच्या काही वर्षांत जनमत होईल असं मला वाटत नाही. बहुतेक सर्व्हेत ब्रिटनबरोबर राहणारी बाजू अजून पुढे आहे, आणि कुठलाही ब्रिटिश मंत्री कायद्याने भाग पडेपर्यंत हे शेपूट हातात धरणार नाही. फॉलो करायचंच असेल तर सिन फेनच्या जागा मोजू नका, त्या फार वाढत नाहीत. अलायन्सच्या मतदाराला दुसरी पसंती कुणाला द्यावीशी वाटते ते बघा, आणि डब्लिनचं सरकार आरोग्य, पेन्शन, झेंडा ह्यावर कागदावर काही मांडतंय का ते बघा. आणि वाचायला सुरुवात १९१६ पासून करू नका, १९२० चा ॲक्ट आणि ट्रीटीचं कलम १२ समोर ठेवून करा, बाकीचं पटापट लागत जाईल.